बर्फात आणलेली डबी

आमच्या रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत बर्फाचा कारखाना होता. तिथे खाऱ्या पाण्याच्या टाकीवर काम करणाऱ्या एका माणसाला सगळे 'गारठा' म्हणत. त्याने खांद्यावर हात ठेवला की समोरचा शहारायचा, म्हणून हे नाव पडलं. मला नुसतं गारठा म्हणायला जड जायचं, म्हणून मी 'गारठेराव' म्हणायचो. त्यावर तो हसायचा आणि म्हणायचा, "राव लावलंत, पण ऊब काही आली नाही."

माणूस उंच, हाडापेराने मोठा आणि चालायला संथ. पत्र्याचे लांब डबे पाण्याने भरून टाकीत सोडायचे, पाणी गोठलं की साखळीच्या कप्पीने वर ओढायचे, क्षणभर साध्या पाण्यात बुडवून तिरके करायचे, की आतली लादी घसरत बाहेर येते. हे काम इतर लोकही करत, पण त्यांच्या हातून लाद्यांना तडे जात. गारठेरावांच्या हातून जात नसत. टोच्याने एका रेषेत तीन ठोके दिले की लादी सुरी फिरवल्यासारखी दुभंगायची. या माणसाला घाई कशाची म्हणून नव्हती.

मी त्या रुग्णालयात तपासणीच्या खोलीत होतो. रक्त, लघवी, थुंकी जे येईल ते काचेवर घ्यायचं, सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि कागदावर लिहायचं. लोकांशी बोलण्याचं काम खिडकीतून, तेही चार शब्दांचं. मला ते सोयीचं होतं. पण त्यातल्याच न बोललेल्या काही शब्दांमुळे मला हे लिहावं लागत आहे.

गारठेरावांची बायको शर्टांच्या कारखान्यासाठी घरी बसून कॉलर शिवायची. दिवसाला किती कॉलर, हे तिच्या बोटांना पाठ झालं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. घर म्हणजे बर्फाच्या कारखान्याच्या गाड्या ठेवायच्या जागेवरच्या दोन खोल्या. एका खोलीत गारठेरावांची आई, दुसरीत ही दोघं. मधल्या भिंतीतून खोकलासुद्धा पलीकडे जायचा, मग बोलणं तर जायचंच.

ती माझ्या खिडकीवर इतक्यांदा आली होती की तिचा रक्तगट मला तोंडपाठ होता. रक्ताच्या तपासण्या झाल्या, पोटाची सोनोग्राफी झाली, गर्भनलिकेत औषध सोडून एक्स-रे काढला. त्या दिवशी ती बाकावर पोट धरून अर्धा तास बसली होती. प्रत्येक कागदावर एकच, दोष आढळला नाही. ती कागद घडी घालून पिशवीत टाकायची आणि म्हणायची, "घ्या. पुन्हा पास. आता घरी जाऊन नापास व्हायचं."

सासू तिला म्हणायची, "घरात पाळणा हलत नाही, आणि शिवणाचं मशीन मात्र खडखड चाललंय दिवसभर."

हिने एकदा उत्तर दिलं, "मशीन तुमच्या मुलावर गेलंय आई. तोंड उघडत नाही, म्हणून चालतं."

हे तिनेच मला सांगितलं आणि स्वतःच हसली. मग हसणं मध्येच थांबवून म्हणाली, "त्यानंतर आठ दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. त्यांचं एक वेळ समजू शकते. हेसुद्धा नाही बोलले."

आमच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तिला सांगितलं, "आता तुझी एकही तपासणी मी करणार नाही. नवऱ्याला पाठव. दहा जोडपी माझ्याकडे येतात, त्यातल्या तीन-चार ठिकाणी कारण बाईकडे निघतं, तेवढ्याच ठिकाणी पुरुषाकडे. बाकीच्यांत दोघांचं थोडं थोडं असतं, नाहीतर काहीच सापडत नाही. आणि त्याची तपासणी सगळ्यात सोपी. ना सुई, ना एक्स-रे. तीच सगळ्यात शेवटी करता तुम्ही लोक."

घरी हे ऐकून आई म्हणाली, "कशाला ते हात दाखवून अवलक्षण! आमच्याकडे पुरुषांत असलं काही नसतं." पण गारठेराव दुसऱ्याच दिवशी माझ्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

त्यांच्या मागे सात-आठ माणसं रांगेत होती. वीर्याचा नमुना कसा आणायचा हे मला नीट सांगायला हवं होतं. दोन ते सात दिवस संबंध ठेवू नका, डबी अंगाच्या उबेत आणा, म्हणजे शर्टाच्या आतल्या खिशात, आणि तासाभराच्या आत पोचवा. पण मागे माणसं होती, त्यात दोन बायका होत्या, आणि माझी जीभ उचलेना. मी डबी पुढे सरकवली आणि म्हणालो, "चार दिवसांनी सकाळी आणा. तासाभरात. खराब होऊ देऊ नका."

"खराब नाही होणार," ते म्हणाले. "त्याची काळजी सोडा."

चार दिवसांनी ते डबी घेऊन आले. डबी हातात घेतली तेव्हा ती थंडगार होती, आणि वरच्या चिठ्ठीवरची शाई ओलीने पसरली होती. मला ते जाणवलं. त्याच वेळी विचारायला हवं होतं. मी मनाशी म्हणालो, यांचे हातच गार, त्यामुळे असेल. मी काच ठेवली आणि बघितलं. शुक्राणू भरपूर होते, आकारानेही बरे. पण एकही हलत नव्हता. मी दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. गोठलेल्या तळ्यासारखं सगळं निश्चल होतं.

मी लिहिलं, हालचाल शून्य. खाली लिहिलं, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

गारठेरावांनी कागद वाचला आणि विचारलं, "म्हणजे मेलेले?"

"डॉक्टरीणबाई सांगतील," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनीही पुन्हा तपासा म्हणूनच सांगितलं. एका कागदावर माणसाचा निकाल लावायचा नसतो, असं त्या बजावून म्हणाल्या. गारठेरावांनी मान हलवली आणि ते निघून गेले.

महिन्याभराने आमच्या तपासणीच्या खोलीतला फ्रीज बंद पडला. आतली रसायनं टिकवायला हवी होती म्हणून कारखान्यातून बर्फ मागवला. गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी घेऊन गारठेराव आले. आमची पत्र्याची पेटी बघून त्यांनी तळाशी भुसा पसरला, त्यावर बर्फाचे तुकडे बसवले, मध्ये बाटल्यांपुरती जागा ठेवली, वरून पुन्हा भुसा. हात झरझर चालत होते. त्यांना घाईने काम करताना मी तेव्हाच पाहिलं.

"आता दुपारपर्यंत ढुंकून बघू नका," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची ती डबीसुद्धा मी अशीच आणली होती. भुशात बर्फ, बर्फात डबी. वाटेत एक क्षण ऊन लागू दिलं नाही. तरी सगळे मेलेलेच निघाले. म्हणजे मुळातच मेलेले असणार, नाही का?"

माझ्या हातात एक बाटली होती. ती मी टेबलावर ठेवली.

ज्याचा जन्म बर्फात गेला, त्याला एखादी गोष्ट खराब होऊ देऊ नका म्हटल्यावर तो दुसरं काय करणार? दूध, मासे, औषधं, एवढंच काय, रुग्णालयातलं प्रेतसुद्धा त्यांच्याच बर्फावर टिकायचं. बर्फाने काही मरतं, हे त्यांच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं. आणि मला माहीत होतं, तर मी मूग गिळून बसलो होतो.

मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. बर्फाने हालचाल थांबते, चूक माझी आहे, मी ती डबी परत करायला हवी होती. पुन्हा नमुना द्या, या वेळी खिशात घालून आणा, बहुतेक निकाल वेगळा येईल.

ते स्टुलावर बसले. गोणपाटातून पाणी ठिबकून त्यांच्या पायाशी साचत होतं. म्हणाले, "कोणाला सांगितलंत?"

"नाही. मलाच आत्ता कळलं."

"मग सांगू नका."

मला वाटलं, मला नीट सांगता आलं नाही. मी पुन्हा सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

"कळलं हो. ऐका. तो कागद मी घरी नेला आणि आईसमोर मोठ्याने वाचला. म्हटलं, दोष माझा आहे. आई रडली, आणि गप्प झाली. नऊ वर्षांनी गप्प झाली. आता हिला म्हणते, तू आधी जेवून घे. ही सकाळी उठते ती गाणं गुणगुणत उठते. तिला गाता येतं हे मला माहीत नव्हतं. आता मी दुसरा कागद नेला, की मी चांगला आहे, तर पुन्हा बोटं कोणाकडे वळणार?"

"पण मूल होऊ शकेल," मी म्हणालो.

"आणि नाही झालं तर? तुम्ही लिहून देता का होईल म्हणून?"

मला लिहून देता येत नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं, की कधी कधी दोघांचंही सगळं ठीक असतं आणि कारण सापडत नाही, कोणाचाच दोष नसतो.

"साहेब," ते म्हणाले, "आमच्या दोनच खोल्या आहेत. कोणाचाच नाही असा दोष ठेवायला तिसरी कुठून आणू? माझ्याकडे राहू द्या. मला काही चिकटत नाही."

मी वचन दिलं. द्यायला नको होतं, असं आज म्हणणं सोपं आहे.

बातमी गल्लीत पसरली, कारण आईच्या रडण्याला भिंत पुरली नाही. कारखान्यातल्या लोकांना विषयच मिळाला. "गारठ्याचं वरून आतपर्यंत सगळंच गार!" असं कोणी म्हणायचं आणि टाकीभोवती हशा पिकायचा. गारठेराव डबा वर ओढत राहायचे. दुपारी मंडळी एकत्र जेवणाचे डबे सोडायची, तेव्हा ते टाकीच्या पलीकडे रिकाम्या डब्यांच्या रांगेवर बसून एकटे जेवायचे. मी एकदा तिथे गेलो. टाकी गार ठेवणाऱ्या अमोनियाच्या वासात घास उतरत नव्हता.

"सवय होते," ते म्हणाले. "वासाचीही आणि त्या लोकांचीही. ते जाऊ द्या. एक दुसरंच होऊन बसलंय."

"काय?"

"ही माझ्याशी फार चांगलं वागते." त्यांनी घास डब्यात परत ठेवला. "पूर्वी भांडायची, टोमणे मारायची, मशीन काय अन् तोंड काय. आता आजारी माणसाशी बोलतात तसं बोलते. मी काही म्हटलं की हो म्हणते. कोणाच्या घरी बारशाचं बोलावणं आलं की मला कळायच्या आत नाही म्हणून कळवते. रात्री पाठीवरून हात फिरवते, आणि मी जागा आहे हे तिला कळू नये म्हणून मी श्वास मोजत पडतो. एवढी जवळ असते आणि तिच्याशी खरं बोलता येत नाही."

"मग सांगा ना."

"सांगू कसं? आई आहे."

अशी तीन वर्षं गेली. माझ्या खिडकीवर ती आता येत नव्हती. रस्त्यात भेटली की विचारपूस करायची आणि मी जमिनीकडे बघत बोलायचो. तिला वाटत असावं की मी स्वभावानेच तसा आहे.

मग आई गेली. छातीत कळ आली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. महिना झाल्यावर मी स्वतः टाकीवर गेलो. आयुष्यात मी आपणहून कोणाच्या संसारात तोंड घातलं ते एवढंच.

"आता तिला बोलणारं कोणी उरलं नाही," मी म्हणालो. "ती अडतीस वर्षांची आहे. उशीर झाला आहे, पण दार अगदीच बंद झालेलं नाही. तुम्ही सांगा. माझं नाव पुढे करा, चूक माझीच आहे."

ते म्हणाले, "चूक पहिल्या महिन्यापुरती तुमची. त्यानंतरची माझी."

त्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी तिला सगळं सांगितलं. काय झालं ते मला तिच्याकडूनच कळलं, कारण दुसऱ्या दिवशी ती माझ्या खिडकीवर आली. रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा मी उठून बाहेर गेलो.

"खरं आहे?" तिने विचारलं.

"हो."

"तुम्हाला तीन वर्षं माहीत होतं."

"हो."

"रस्त्यात मी तुम्हाला विचारत होते, घरी सगळे बरे आहेत ना. आणि तुम्ही सांगत होतात, बरे आहेत."

ती चिडून ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू, कॉलरच्या टाक्यांसारखी एकेक शब्द जोडत बोलत होती.

"सासूबाईंनी नऊ वर्षं बोल लावले. ते मी सोसलं, कारण ते खोटं आहे हे मला माहीत होतं. यांनी काय केलं? मला तीन वर्षं यांची कीव करायला लावली. मी बारशांना गेले नाही. यांना वाईट वाटेल म्हणून बहिणीच्या मुलाला घरी आणलं नाही. भांडले नाही. माझ्यासाठी केलं म्हणतात. मला विचारून केलं असतं, तर मी म्हटलं असतं, चला, दोघं मिळून आईंना तोंड देऊ. मला काय कमी तोंड आहे?"

मी पुन्हा तपासणीचं काही पुटपुटलो. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की वाक्य अर्धं राहिलं.

"मूल मला हवं होतंच हो," ती म्हणाली. "पण आज मी त्यासाठी नाही रडत आहे."

ती बहिणीकडे राहायला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. जाताना आठवड्याचे कपडे धुऊन, घडी करून ठेवून गेली. गारठेराव म्हणाले, "घड्या अजून मोडल्या नाहीत मी. त्या सोडून उरलेले दोनच शर्ट आलटून पालटून घालतो."

सहा महिने गेले. कारखान्यातल्या लोकांनी थट्टा सोडली. आता त्यात गंमत उरली नव्हती. गारठेराव मात्र टाकीच्या पलीकडेच जेवत राहिले.

एका सकाळी ते खिडकीवर आले. रांगेत पाच-सहा जण होते. त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून डबी काढून माझ्या हातावर ठेवली. डबी कोमट होती.

"पाऊण तास झाला," ते म्हणाले. "चार दिवस पाळले." लोक ऐकत होते. त्यांनी आवाज खाली आणला नाही.

मी अर्ज भरायला घेतला. त्यात पत्नीचं नाव असा रकाना असतो. माझा हात थांबलेला पाहून ते म्हणाले, "लिहा की. तीच आहे."

मी त्यांना आत बोलावलं. तसा नियम नाही, पण बोलावलं. काच ठेवली, भिंग जुळवलं आणि आधी स्वतः पाहिलं. मग उठून त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. एवढा मोठा माणूस त्या छोट्या नळीवर वाकला आणि श्वास धरून बसला.

"हे माझे?"

"तुमचेच."

"किती धडपडतायत," ते म्हणाले. बराच वेळ बघत राहिले. "कुठे चाललेत?"

"काचेवर कुठे जाणार? नुसते पळतात."

"थकत नाहीत?"

"थकतात. थोड्या वेळाने थांबतात."

ते थांबेपर्यंत बघायचं आहे की काय असं मला वाटलं, पण ते उठले. डोळे पुसले नाहीत, कारण ओले नव्हते. चेहरा मात्र लांब निघालेल्या एखाद्या नातेवाइकाला स्टेशनवर सोडून आलेल्या माणसासारखा दिसत होता.

मी कागद लिहिला. संख्या बरी, हालचाल बरी. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हा तिला नेऊन देतो," ते म्हणाले.

मी घाबरलो. "आता? त्यांना वाटेल, तुम्ही स्वतःची बाजू मांडायला आलात. दोष पुन्हा त्यांच्यावर…"

"वाटेल तर वाटू द्या. तिला काय वाटेल ते आधीच ठरवून खरं दडवायचं, हे मी एकदा केलं." त्यांनी कागदाची घडी घातली. "या वेळी ती ठरवेल."

बहिणीचं घर पायी अर्ध्या तासावर होतं. ते चालत गेले. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी टाकीच्या पलीकडे त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि फार वेळ घोळवून विचारलं, काय झालं.

"दार तिनेच उघडलं," ते म्हणाले. "उभ्या उभ्या वाचलं. मग आत गेली. तिच्या तपासण्यांची चळत असते ना, ती घेऊन आली. त्या कागदांवर हा ठेवला आणि दोरी बांधली."

"बोलल्या काही?"

"म्हणाली, दोघंही पास. आणि वय झालं."

"परत येणार म्हणाल्या?"

"मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही."

वरून कोणी तरी हाक मारली. एक डबा गोठून तयार झाला होता. ते उठले, साखळीला हात घातला, आणि मग जरा वळून म्हणाले, "बसा म्हणाली. खुर्ची पुढे केली. मी बसलो. दुपार होईपर्यंत बसलो होतो. ती कॉलर शिवत होती. पुढच्या सुट्टीला पुन्हा जाणार आहे."